चंद्रीकडे कुणी बघायचं नाही

कडावच्या बुधाजींनी डिसेंबरातल्या एका सकाळी गुरांच्या डॉक्टरीणबाईंना अंगणातूनच परत पाठवलं, आणि तिथून पुढचा सगळा घोळ सुरू झाला.

बाई आल्या होत्या चंद्री म्हशीला तपासायला. गणपती होताच चंद्रीला कृत्रिम रेतनाचं इंजेक्शन दिलं होतं, आणि तीन महिन्यांनी हात घालून ती गाभण आहे की नाही ते बघायचं ठरलं होतं. आधीची दोन इंजेक्शनं वाया गेलेली. बुधाजींचा मुलगा स्वप्नील खालापूरकडच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता, त्यामुळे घरातही सुपरवायझरच होता. त्याने सांगून टाकलं होतं, की या खेपेला चंद्री रिकामी निघाली तर चौक गावच्या नवशा दलालाला फोन जाईल. नवशाच्या टेंपोत चढलेली म्हैस परत कुणी पाहिलेली नव्हती.

अशा वेळी बुधाजी गोठ्याच्या दारात आडवे उभे राहिले आणि म्हणाले, "जोवर कुनी बगत नाय, तोवर ती गाभन बी हाय आनि भाकड बी हाय. बगितलं की एकच काय ते राहतं. मंग कशाला बगायचं?"

हे ऐकून सुनेच्या, म्हणजे सुरभीच्या, घशात चहा अडकला. सुरभी नेरळची, एम.एस्सी. फिजिक्स, कर्जतच्या ज्युनियर कॉलेजात शिकवायची. सासऱ्यांच्या तोंडून क्वांटम ऐकायची वेळ येईल असं तिला लग्नात कुणी सांगितलं नव्हतं. चौकशीअंती कळलं, की बुधाजी रोज ज्या फार्महाऊसवर दूध घालतात तिथे मुंबईच्या लोकांचं 'क्वांटम जीवन शिबिर' लागलंय. रिकाम्या कॅनची वाट बघत बुधाजी मागे बसले आणि तीन दिवसांचा कोर्स फुकटात करून आले. कुणा शास्त्रज्ञाने मांजर खोक्यात घातल्याची गोष्टही त्यांना पाठ होती. मांजर खोक्यात बसली कशी, एवढीच त्यांना शंका होती.

सुरभीने त्यांना ओट्यावर बसवलं आणि कागदपेन्सिल घेऊन समजावलं. बाबा, हे सगळं इलेक्ट्रॉनचं गणित आहे. त्यात प्रत्येक शक्यतेला एक आकडा असतो, तो उणेसुद्धा असू शकतो. त्याचा वर्ग केला की ती गोष्ट घडण्याची शक्यता किती ते कळतं. माणसाच्या इच्छेला त्या गणितात कुठेही जागा नाही.

बुधाजींनी कागद उलटासुलटा करून बघितला.

"उने आकड्याचा वर्ग केला की काय येतं?"

"अधिक."

"मंग झालं की. चंद्री उने आसली तरी वर्ग केल्यावर अधिकच."

सुरभीने पेन्सिल ठेवून दिली.

खरी पंचाईत पुढे झाली. संध्याकाळी स्वप्नील आला, बापाला हसला, आणि हसता हसता मोबाईलवर क्वांटमचा एक व्हिडिओ लावून बसला. एकाचे चार झाले. चार दिवसांनी तो जेवताना 'कंपनं' असा शब्दही बोलला. आठवडाभरात त्याने गोठ्यातल्या चंद्रीच्या कोपऱ्याला चारी बाजूंनी निळी ताडपत्री बांधली. नवशाला फोन करायचा विषय बंद. उलट नकारात्मक विचार करणाऱ्याने गोठ्यात जायचं नाही असा हुकूम निघाला. हा हुकूम कुणासाठी होता ते सुरभीला बरोबर कळलं.

सासूबाई सोनाबाईंचे तर हालच झाले. चंद्रीला बघायचं नाही म्हणून त्या पदर डोळ्यांवर ओढून पेंड घालायला जायच्या. दोनदा त्यांनी पाटी शेपटीच्या बाजूला ठेवली. चंद्री मान वळवून रेकत राहिली आणि सोनाबाई पदराआडूनच विचारत राहिल्या, की आता हिला काय झालं.

सुरभीने शेवटचा उपाय म्हणून नवऱ्यालाही गणित सांगायचं ठरवलं. इथे तिचं चुकलंच. ती म्हणाली, बघणं म्हणजे डोळ्यांनी बघणं नव्हे रे. बाहेरचा एखादा कण जरी येऊन आपटला तरी बघून झालं असंच समजायचं. तुझ्या म्हशीवर तर दिवसभर माश्या बसतात.

स्वप्नील गंभीर झाला. दुसऱ्या दिवशी कर्जतहून डबल बेडची मच्छरदाणी आली.

आता मच्छरदाणीतली म्हैस बघायला निम्मं कडाव लोटलं असतं, पण बघायला बंदी असल्यामुळे लोक ताडपत्री बघून जात. असे दोन महिने गेले. सुरभीला राहून राहून त्या मुक्या जनावराची कीव येत होती. खरंच रिकामी असेल, तर वेळेत पुन्हा फळवायला नको का? हा मोसम हातचा गेला की तिला कुणीच वाचवू शकणार नाही. फेब्रुवारीत एके सकाळी, स्वप्नील कामावर गेल्यावर, तिने डॉक्टरीणबाईंना स्वतःच बोलावलं. बुधाजी शेतावर होते. मच्छरदाणी वर केली, शेपूट सुरभीने धरली, बाईंचा हात खांद्यापर्यंत आत गेला, आणि नेमका डबा विसरलेला स्वप्नील परत आला.

त्याने दारातच डोळे मिटून घेतले. "सुरभी, काय केलंस हे?"

"गाभण आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

स्वप्नीलने डोळे उघडले. मग चंद्रीच्या गळ्यात पडला, मच्छरदाणीत गुरफटला, सुटला, आणि डबा पुन्हा विसरून पेढे आणायला धावला. सुरभीलाही इतका आनंद झाला, की शेपूट सोडायचं भानच राहिलं नाही.

हात धुता धुता बाई हळूच म्हणाल्या, "मॅडम, इंजेक्शन सप्टेंबरचं ना? म्हणजे पाच महिने व्हायला हवेत. ही दोनच महिन्यांची गाभण आहे."

बाई गेल्या. सुरभी ताडपत्रीकडे बघत मनात आकडे मांडू लागली. हे गणित तिला फारसं अवघड गेलं नाही. बुधाजी शेतावरून आले तशी ती समोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, रेडा कुणाचा आणलात?"

बुधाजींनी आधी रस्त्याकडे बघून घेतलं. "हिरामनचा. ताडपत्रीचा आडोसा झाला त्याच आठवड्यात. तू कॉलेजात व्हतीस, तुज्या सासूला बाजारात पाठवली."

"म्हणजे चंद्री रिकामी आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"दसऱ्याला परत माजावर आली तवाच कललं. चालीस वर्सं म्हशी पालतोय गं मी. पन तवा बोललो आसतो तर दुसऱ्या दिवशी नवशा दारात. थोडा येल काडायला नको?"

"मग स्वप्नीलला सरळ सांगायचं होतं, की म्हैस माझ्या जिवाची आहे, विकू नकोस."

"सांगितलं की. दोनदा," बुधाजी म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला. "बोल्ला, बाबा, भावनेवर गोठा चालत नाय. शिकलेला हाय तो. साधी गोष्ट त्याला पटत नाय."

तेवढ्यात स्वप्नील पेढे घेऊन आला. त्याने बापाच्या तोंडात पेढा कोंबला, बायकोला विचारलं, की आता तरी मानतेस की नाही, आणि मग कपाळाला आठी घातली.

"डॉक्टर रस्त्यात भेटल्या. बोलल्या, चंद्री ऑक्टोबरात विणार. गणपतीपासून दहा महिने धरले तर जुलै होतो ना? हे तीन महिने कुठनं आले?"

बुधाजींच्या तोंडातला पेढा जागच्या जागी थांबला. सुरभीने सासऱ्यांकडे बघितलं, चंद्रीकडे बघितलं.

"क्वांटममध्ये तारीख जरा मागेपुढे होते," ती म्हणाली.

स्वप्नीलला ते लगेच पटलं.