चोकचा आकडा

"पाहुणे, हे तुमचं काम नाही," असं सासरे लग्नापासून म्हणत आले होते, आणि सासरे गेल्यावरही जावयाला ते खोटं पाडता येईना. गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर शेडमध्ये ठिय्या देऊन बसला होता. चावी फिरवली की स्टार्टर कण्हायचा, इंजिन एकदा खोकायचं आणि पेट्रोलचा वास सोडून गप्प व्हायचं.

संध्याकाळी भंगारवाला टेम्पो घेऊन येणार होता. "चालू झाला तर राहू दे, नाहीतर ते मेलेलं यंत्र मला बघवत नाही," असं सासूबाईंनी सांगून टाकलं होतं. बायको सकाळपासून कुणाशी बोलत नव्हती. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून ती याच ट्रॅक्टरवरून फिरली होती.

जावयाने मेकॅनिकला फोन लावला.

"पेट्रोल जास्त झालंय त्याला," मेकॅनिक म्हणाला. "चोक आत ढकला, प्लग काढून पुसा, वाळू द्या. आणि सारखा सारखा चोक ओढू नका राव!"

चोकची तार कधीच तुटली होती. पुढे इंजिनापाशी चोक ओढायचा एक लोखंडी आकडा होता, तिथवर सीटवरून हात पोचत नसे. चावी एकाने फिरवायची आणि आकडा दुसऱ्याने ओढायचा. सासऱ्यांनी ती दुरुस्ती आयुष्यभर उद्यावर टाकली होती.

जावयाने आकडा आत ढकलला, प्लग पुसला, चावी फिरवली. नुसतंच खोकणं. कोरडं फडकं आणायला तो घरात जाऊन आला, पुन्हा चावी फिरवली आणि प्लग काढून पाहिला, तर ओलाचिंब. आकडा बाहेर ओढलेला होता.

"तू शेडमध्ये आली होतीस का गं?" त्याने खिडकीतून विचारलं.

"मी कशाला येऊ?" बायको म्हणाली.

त्याने आकडा पुन्हा आत ढकलला. पुन्हा फडकं, पुन्हा फेरी, आणि आकडा पुन्हा बाहेर. शेडबाहेर धुकं उतरलं होतं. खुंटीवरची सासऱ्यांची टोपी वारा नसताना हलत होती.

"बाबा," तो रिकाम्या सीटला हळूच म्हणाला, "तुमची आरामखुर्ची मी घेतली, चुकलं माझं. पण निदान लेकीकडे बघा."

शेवटी त्याने आकडा आत ढकलून चावी फिरवली आणि खतांच्या पोत्यांमागे दडून बसला. दार करकरलं. एक सुरकुतलेला हात धुक्यातून आत आला आणि त्याने आकडा ओढला.

"आई!" जावई किंचाळला.

"अगोबाई! केवढ्यानं ओरडता!" सासूबाई विणकाम छातीशी धरून उभ्या होत्या. "त्यांनी हाक मारली ना, 'चोक ओढ गं' म्हणून. स्टार्टरचा आवाज झाला की मारतातच."

"कुणी?"

सासूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. जावयाने आकडा आत ढकलला, प्लग पुसला आणि चांगला वाळेपर्यंत थांबला.

तेवढ्यात फाटकापाशी टेम्पोचा हॉर्न वाजला. जावई घाईघाईने सीटवर चढला. चावी फिरवली, पण आता इंजिन गारठलेलं, कोरडं ठक्क; आता मात्र त्याला जास्तीचं पेट्रोल हवं होतं. घाईत त्याच्या तोंडून निघून गेलं, "चोक ओढा हो!"

सासूबाईंनी एका हाताने विणकाम सांभाळत दुसऱ्याने आकडा ओढला. इंजिन धडधडलं, काळा धूर निघाला आणि शेड हादरायला लागली. सासूबाई दोन्ही हातांनी विणकाम कवटाळून दारापर्यंत मागे सरल्या. भंगारवाल्याने वैतागून टेम्पो मागे वळवला.

बायको घरातून धावत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आत्ता ओरडलं कोण?"

"मीच की. चोक ओढा म्हणालो."

"ते ऐकलं मी. त्यानंतर कोण ओरडलं? 'पाहुणे, चोक आत ढकला आता!'"

जावयाने वाकून पुढे पाहिलं. आकडा आत गेलेला होता आणि इंजिन आता एका लयीत चालत होतं. गिअर टाकायच्या आधी तो सीटवर थोडा बाजूला सरकला आणि त्याने शेजारी जागा करून दिली.