पाटकरांचे जड कण

आमच्या भोईवाड्यातल्या चाळीत तुम्ही दळणाचा डबा घेऊन जिना चढताय, धाप लागलीय, तर शेजारचे पाटकर डबा धरायचं सोडून विचारतात, "वहिनी, मुळात कणांना वस्तुमान येतं कुठून?"

गिरणीतून येतं, म्हणावंसं वाटतं!

पाटकरांनी जन्मभर विम्याच्या कचेरीत कारकुनी केली. निवृत्त झाल्यावर कुठलंसं पुस्तक वाचलं आणि विश्वाचाच ताबा घेतला. "वहिनी, लक्षात घ्या, मूळ कणांना स्वतःचं वस्तुमान नसतं. अख्ख्या विश्वात एक क्षेत्र पसरलंय. जो कण त्यात जास्त गुंतेल तो जड. प्रकाशाचा कण गुंततच नाही, म्हणून सुसाट. आता हिंदमाताला तुम्ही दर साडीच्या दुकानाशी अडकता आणि मी सरळ निघून जातो. तसंच!" म्हणजे हे प्रकाश आणि जड कोण, तर मी!

सव्वीस जानेवारीच्या सत्यनारायणाला, लोकांना प्रसादाला बोलवा म्हणून कुठल्या शहाण्याने यांच्या हाती माइक दिला, देव जाणे. शिरा गार झाला, भटजी पेंगले, तरी यांचे कण संपेनात.

गणपतीनंतर त्यांच्या बायकोला, मालतीताईंना, अर्धांगाचा झटका आला. वाचाच गेली. डॉक्टर म्हणाले, सारखं बोलत राहा, कदाचित बोलतील. दुसरा कोणी चार मायेचे शब्द बोलला असता. हा गृहस्थ उशाशी बसून इलेक्ट्रॉन घेऊन सुरू! भिंतीपलीकडे माझं डोकं उठायचं.

एका दुपारी पेज घेऊन गेले ती भांडायच्याच तयारीने. "भावोजी, लाज कशी वाटत नाही? बिचारीला उठून जाताही येत नाही!"

पाटकरांनी मान खाली घातली. "गोड गोड सगळं बोलून झालं हो. लग्नाचं, गावचं, लेकीचं. ती नुसती बघत राहते. पण या कणांचा तिला पहिल्यापासून राग. रागावली तर बोलेल." आणि पुन्हा तेच. "तर मालती, लक्षात घे, क्वार्क सहा प्रकारचे..."

खाटेवरून घोगरा आवाज आला. "पु...रे."

पाटकर थिजले. मग तिचा हात कपाळाला लावून घळाघळा रडायला लागले. मेल्याने मलाही रडवलं.

"पुरे," मालतीताई पुन्हा म्हणाल्या. या वेळी चांगल्या वैतागून.

"हो गं, पुरे," पाटकर म्हणाले. "अजून एकदा सांग ना."