फ्रिजमधले ट्रान्झिस्टर

आमच्या खालच्या मजल्यावरच्या निमसे मावशी फ्रिजमध्ये अंड्यांच्या जागी ट्रान्झिस्टर ठेवतात. जुन्या रेडिओंतून काढलेले, वाटाण्याएवढे, तीन तारांचे. पंचवटीतला उन्हाळा त्यांना सोसत नाही, असं मावशींचं म्हणणं. "उन्हात माणूस बिघडतो, हे तर जर्मेनियम आहे."

मावशींनी नोकरीभर एका कारखान्यात सर्किटं जोडली. निवृत्त झाल्यावर त्यांनी गिटारवाल्यांच्या फझ पेडलांत हात घातला. फझ पेडल म्हणजे पायाने दाबायची डबी. तिच्यातून गेला की गिटारचा सूर खरखरीत, भरदार होतो. मावशींना गिटार वाजवता येत नाही. त्या एकच तार छेडतात, डोळे मिटतात आणि निदान सांगतात. माझं नवंकोरं पेडल ऐकून म्हणाल्या, "सर्दी झालीये याला." मग आतले ट्रान्झिस्टर काढून फ्रिजमधले दोन बसवले. बसवताना मला श्वाससुद्धा तोंड फिरवून घ्यायला लावला; ऊब लागली की मापं हलतात म्हणे. सूर मात्र खरंच मोकळा झाला.

गेल्या मे महिन्यात माझ्या आईच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. तिला घरी आणलं आणि मावशींकडून रोज वर ऐकू येणारी पेडलांची खरखर एकदम थांबली. चार दिवस काहीच आवाज नाही. मावशी एकट्या राहतात, म्हणून मी खाली गेलो. बेल वाजवली, दार ठोठावलं. शेवटी आमच्याकडे असलेल्या किल्लीने दार उघडलं.

मावशी टेबलाशी बसल्या होत्या. कानांवर हेडफोन, हातात सोल्डरिंग गन. मला बघून दचकल्या. मी समोरच्या खुर्चीत बसलो.

हेडफोन कशाला, असं विचारल्यावर त्या ओशाळल्या. वर आई झोपलेली असते ना, म्हणाल्या. काम करताना मधूनमधून हेडफोन काढून त्या छताकडे कान लावत होत्या. एरवी आईच्या सपातांचा आवाज खाली यायचा. चार दिवसांत तो आला नव्हता, आणि वर येऊन विचारायची त्यांना भीती वाटत होती.

"चालते का रे ती?"

"आज एकटी गॅलरीपर्यंत गेली. अनवाणी, म्हणून तुम्हाला कळलं नसेल."

मावशींनी चष्मा काढून पदराने बराच वेळ पुसला. मग उठल्या आणि कुकर काढला.

"सकाळपासून काही खाल्लं नाहीये मी," त्या म्हणाल्या. "बस, दोघांपुरता भात टाकते."