खोकल्याची नोंदवही

धारवाडचे निवृत्त शिरस्तेदार बाळाचार्य यांच्या घरात सोमवारी सकाळी, दुसरीत शिकणारी नात उत्तरा शिंकली. लेक जयलक्ष्मी बावीस दिवसांचं बाळ घेऊन माहेरी असल्यामुळे प्रकरण गंभीर होतं.

"शाळा म्हणजे रोगांचं माहेरघर!" आचार्यांनी निकाल दिला. चौकशीची गरज नव्हती. उत्तराची तात्काळ व्हरांड्यात बदली झाली. ताट वेगळं, पेला वेगळा, बाळापासून पंधरा फूट लांब. शिवाय उभा जन्म कोर्टात गेलेल्या माणसाला नोंदीवाचून घास उतरत नाही, म्हणून तिला एक वही मिळाली.

"घरातला प्रत्येक खोकला वेळेसकट लिहायचा."

"कालचेपण, अज्जा?"

"सगळे! हयगय नको."

खुद्द आचार्यांचा घसा खवखवत होता, पण ती धूळ. गेल्याच आठवड्यात सगळे हुबळीला लग्नाला जाऊन आले होते; तिथं गेलं की ती बसायचीच. सून सुनिताचं नाक गळत होतं, मुलगा श्रीहरी ढासत होता, तीही धूळच. मोठ्या माणसांना सर्दी होते असं या घराण्यात कुणी ऐकलेलं नव्हतं. त्यामुळे आचार्य रोज अंघोळ करून, गंध लावून, बाळाला मांडीवर घेत आणि गालांचे मटामटा पापे घेत.

गुरुवारी बाळ दूध पिईना. छाती भात्यासारखी हलू लागली. दवाखान्यात एवढ्याशा नाकाला नळी लागली आणि जयलक्ष्मी रडून अर्धी झाली.

"घरात आधी कुणाला झालं?" डॉक्टरांनी विचारलं. सगळ्यांची बोटं, वही काखोटीला मारून दाराशी उभ्या असलेल्या उत्तराकडे वळली.

पोर घाबरली, पण हुकमाची पक्की. तिनं वही पुढे केली. डॉक्टर मोठ्यानं वाचू लागले. "रविवार, सहा दहा, अज्जा, पूजा करताना, चार वेळा. सात वाजता, अज्जा, बाळाला घेऊन, दोन वेळा. आठ वाजता, आई, पोळ्या लाटताना..." उत्तराचं स्वतःचं नाव थेट सातव्या नोंदीत होतं.

"अप्पा, तुम्ही?" जयलक्ष्मी एवढंच म्हणाली.

आचार्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण जित्याची खोड! खिशातलं तांबडं पेन निघालं आणि वहीवर शेरा पडला: 'नोंदी अज्ञान मुलीच्या हातच्या, सबब ग्राह्य नाहीत.' सही करताना खोकल्याची उबळ आली.

"धूळ हो, दुसरं काही नाही," ते म्हणाले. उत्तरानं भिंतीवरचं घड्याळ पाहून तेही लिहून घेतलं.

हसताय काय? परवा शेजारणीचं तान्हं मांडीवर घेताना तुम्हीही घसा खाकरून हेच म्हणालात. तिथं वही घेऊन कुणी बसलं नव्हतं, एवढंच.