मफलर्सची अधिकृत फाटाफूट

लून पॉइंट संगीत महोत्सवाच्या नियमावलीत कलम चौदा घालण्यात आलं, त्या वेळी वेंडल लिंडक्विस्ट एका गिऱ्हाइकाच्या तळघरात पाणी तापवायच्या टाकीखाली आडवा पडलेला होता. व्यवसायाने तो प्लंबर. पण गेली एकतीस वर्षं दर ऑगस्टात, महोत्सवाच्या शनिवारी दुपारी एक वाजता, गिटार गळ्यात अडकवून तो ‘द मफलर्स’ या आपल्या बँडसह लहान मंचावर उभा राहत असे. लहान मंच फिरत्या शौचालयांच्या रांगेला लागून होता. समोर माणसं असत. मात्र ती नेमकी कशासाठी उभी आहेत, हे खात्रीने सांगता येत नसे.

कलम चौदाचा जन्म मोठ्या वादातून झाला. समितीतल्या निम्म्यांचं म्हणणं, महोत्सव ही नव्या दमाच्या मंडळींची जागा आहे. म्हाताऱ्यांनी पोट आत ओढून पुन्हा चामड्याच्या पँटी घालाव्यात, यासाठी मंडप बांधलेला नाही. उरलेल्यांचं म्हणणं, लोक रडायला येतात आणि अनोळखी गाण्यावर कुणाला रडू फुटत नाही. अखेर पाहणी झाली. चौऱ्याण्णव टक्के प्रेक्षकांनी, आपल्याला आधी ऐकलेलं संगीतच ऐकायला आवडतं, असं कळवलं. उरलेल्या सहा टक्क्यांनी प्रश्न पुन्हा वाचून दाखवायला सांगितलं. त्यावरून ठराव झाला, की शनिवारचा सूर्यास्ताचा मोठ्या मंचावरचा कार्यक्रम फक्त फुटून पुन्हा एकत्र आलेल्या बँडसाठी राखीव राहील. अंमलबजावणीसाठी गतकाळ पडताळणी उपसमिती नेमण्यात आली आणि तिच्या अध्यक्षपदी वाचनालयातल्या डार्लीन प्रुइट बाईंची निवड झाली. उशिरा आलेल्या पुस्तकांच्या बाबतीत बाईंनी आपल्या सख्ख्या भावालाही सोडलं नव्हतं.

वेंडलला तो सूर्यास्त हवा होता. स्वतःसाठी नव्हे, ऑरिनसाठी. ऑरिन हॉगन हा मफलर्सचा ड्रमर, शाळेची बस चालवणारा, वेंडलचा दुसरीपासूनचा दोस्त. त्याच्या उजव्या मनगटाला संधिवाताने धरलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, जपून वापरलं तर अजून एक उन्हाळा, फार ओढलं तर दोन. हात जायच्या आत ऑरिनने एकदा तरी खऱ्याखुऱ्या गर्दीसमोर वाजवावं, एवढीच वेंडलची इच्छा होती. म्हणून सप्टेंबरात तो अर्ज घेऊन वाचनालयात गेला.

“फुटलात कधी?” डार्लीनबाईंनी विचारलं.

“फुटलो नाही.”

“मग एकत्र कसे येणार?”

“आम्ही एकत्रच आहोत, बाई. एकतीस वर्षं.”

“तीच तर अडचण आहे.” बाईंनी चष्मा पुसला. “तुम्ही दर वर्षी असता. मग कुणाला तुमची आठवण का यावी? आठवण यायला आधी माणसाने जावं लागतं.”

“कुठे जाऊ? माझं दुकान इथेच आहे.”

“फॉर्म घेऊन घरी जा.”

फॉर्ममध्ये फुटीचं कारण विचारलं होतं आणि पुढे चार चौकोन होते: पैसा, प्रेमप्रकरण, अहंकार, कलात्मक मतभेद. दुराव्याची किमान मुदत तीन वर्षं. वेंडलने मनगटाची गोष्ट सांगितली, तेव्हा बाई विरघळल्या. त्या वाईट नव्हत्या, फक्त नियमाला धरून होत्या. त्यांनी उपकलम ‘क’ काढून दाखवलं. दुरावा कडवट असल्यास नऊ महिने तीन वर्षांइतके धरण्यात येतील. मात्र कडवटपणाची प्रत्यक्ष तपासणी होईल.

त्याच आठवड्यात ऑरिनच्या गॅरेजमध्ये मफलर्स भांडायला बसले. वर्तमानपत्रात छापायचं जाहीर पत्र वेंडल लिहीत होता.

“लिही, मी बेताल वाजवतो,” ऑरिन म्हणाला.

“तू बेताल वाजवत नाहीस.”

“अरे, भांडतोयस ना? मग लिही की!”

“‘कधी कधी बेताल’ असं लिहितो.”

“आणि आडमुठा आहे म्हण. लव्होन रोज म्हणते.”

लव्होन, म्हणजे ऑरिनची बायको, खिमा आणि बटाट्याची वाफाळती हॉटडिश घेऊन आली. “झालं का भांडण? झालं असेल तर हात धुऊन घ्या.”

बास वाजवणारा मायलो स्कोग कोपऱ्यात बसला होता. तू कुणाच्या बाजूचा, असं फॉर्ममध्ये त्यालाही विचारलं होतं. “मी दोन्हीकडे जेवतो,” एवढं बोलून त्याने ताट पुढे केलं. त्या वर्षीचं त्याचं हे सगळ्यात लांब वाक्य होतं.

पत्र लाल शाईत माखून परत आलं. “यात चार वेळा ‘माफ कर’ आहे,” डार्लीनबाई म्हणाल्या. “आणि शेवटी हे काय? ‘लव्होनला नमस्कार सांग, भांडं धुऊन पाठवतो.’”

“भांडं तिचंच आहे, बाई.”

“मिस्टर लिंडक्विस्ट, असं भांडण आमच्या आजीच्या वाढदिवसालाही व्हायचं.”

शेवटी चर्चमधल्या विवाह-समुपदेशकांची मदत घेण्यात आली. तेच ज्ञान उलट्या बाजूने वापरायचं, म्हणून त्यांनी आनंदाने वेळ दिला. तिसरं पत्र मंजूर झालं. छापून आल्यावर ऑरिनने ते दोनदा वाचलं आणि लव्होनला विचारलं, “मी खरंच आडमुठा आहे का गं?”

“पेपरात आलंय म्हणजे असशील,” ती म्हणाली.

मग अबोला सुरू झाला. शुक्रवारी सगळा गाव माजी सैनिकांच्या हॉलमध्ये तळलेले मासे खायला जमे, तिथे दोघं दोन टोकांना बसू लागले. मायलो मधे बसून सॉसची बाटली इकडून तिकडे पोचवी. त्याची ‘अप्रत्यक्ष संभाषण’ अशी नोंद झाली आणि बाटल्या दोन करण्यात आल्या.

खरा घोळ डिसेंबरात झाला. लून पॉइंटमध्ये कुणाची गाडी बर्फात रुतली, की जो दिसेल त्याने बाहेर येऊन धक्का द्यायचा असतो. ज्याच्याशी कोर्टात खटला चालू आहे त्यालाही आधी धक्का द्यायचा आणि मग कोर्टात जायचं. ऑरिनचा ट्रक नेमका वेंडलच्या दारात रुतला. वेंडल टोपीसुद्धा न घालता धावला आणि ट्रक बाहेर काढून दिला. समोर गाडी लावून बसलेल्या डार्लीनबाईंनी फोटो घेतला.

“परस्परसाह्य,” त्यांनी दुसऱ्या दिवशी कळवलं. “एक महिन्याचा कडवटपणा रद्द. पुन्हा असं घडलं, तर ऑगस्टपर्यंत नऊ महिने भरत नाहीत. मग मिस्टर हॉगनच्या मनगटाचं काय करायचं, ते तुम्ही ठरवा.”

फेब्रुवारीत ट्रक पुन्हा रुतला, त्याच जागी. वारा असा, की समोरचं दिसेना. ऑरिनने मान वर करून वेंडलच्या खिडकीकडे पाहिलं. वेंडलनेही पाहिलं, आणि पडदा ओढला. डार्लीनबाई समोरच गाडीत होत्या. त्यांचा जीव तुटत होता, पण निरीक्षकाने घटनेत हस्तक्षेप करू नये, हे उपकलम त्यांनीच लिहिलेलं होतं. ऑरिन पाऊण तास एकटा फावड्याने बर्फ उपसत राहिला. ट्रक निघाला. मनगट मात्र त्या दिवशी कायमचं गेलं.

वेंडलने मायलोच्या हाती सूपचं भांडं पाठवलं. ते भरलेलंच परत आलं. झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं. लून पॉइंटच्या इतिहासात असं कधी झालेलं नाही. भांडं टेबलावर ठेवून वेंडल त्याच्यासमोर बसून रडला, आणि सोमवारी वाचनालय उघडताच दारात उभा राहिला.

“अर्ज मागे घ्यायचाय.”

“कारण?”

“तो खरंच बोलत नाहीये माझ्याशी.”

“मग आत्ता कुठे तुम्ही पात्र ठरलात,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी शिक्का मारला.

पुढे एक तांत्रिक अडचण निघाली. मफलर्सचं एकही गाणं कुणाला येत नव्हतं. उपसमितीने त्यावरही तोडगा काढला. “लोकांना आठवण्याची गरज नाही,” डार्लीनबाईंनी बैठकीत सांगितलं, “आठवतंय असं वाटलं म्हणजे झालं.” जुलैमध्ये गाण्यांचे शब्द पिवळट कागदावर छापून घरोघरी वाटण्यात आले. ऑगस्टपर्यंत लोक एकमेकांना सांगू लागले, की हे गाणं आपल्या लग्नात वाजलं होतं.

शनिवारी सूर्यास्ताला चौदा हजार माणसं जमली. ऑरिन आला, कारण येतो म्हटल्यावर यायचं असतं. उजवा हात गळ्यात बांधलेला, डाव्यात एक काठी. वेंडलकडे न बघता तो ड्रमपाशी बसला. पहिल्या सुराला लोकांनी रडायला सुरुवात केली. पहिल्या रांगेतली एक बाई किंचाळली, “मी दर वर्षी दुपारी एकला असायचे! दर वर्षी!” तिच्या मागचे तीनशे लोक म्हणाले, की तेही असायचे. ड्रमर एकाच हाताने वाजवतोय, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळे मोबाइल स्वतःकडे वळवून आपल्याच डोळ्यांतल्या पाण्याचा व्हिडिओ काढत होते.

नियमाप्रमाणे शेवटी आलिंगन होतं, किमान अकरा सेकंद. वेंडलने मिठी मारली. ऑरिन खांबासारखा उभा राहिला.

“पडदा ओढलास,” तो वेंडलच्या कानात म्हणाला. खऱ्या अबोल्याच्या सहा महिन्यांतलं पहिलं वाक्य.

“ओढला.”

“पाऊण तास, वेंडल.”

“मी पडद्यामागेच उभा होतो रे. बूट घालून.”

“बूट घालून?”

“कोटाची बटणंही लावली होती.”

अकरा सेकंद झाले. डार्लीनबाईंनी विंगेतून हात केला. दोघांनीही बघितलं नाही.

“चुकलो,” वेंडल म्हणाला. “वाटलं, तुला एकदा हा सूर्यास्त मिळावा.”

“मला विचारलं होतंस का? अरे गाढवा, मला एकची वेळच आवडायची. दोनला घरी जाऊन झोपता यायचं.”

वेंडलला हसू आलं आणि हुंदकाही. ऑरिनचा चांगला हात हळूहळू त्याच्या पाठीवर आला. मिठी चोपन्न सेकंद चालली. चौदा हजार लोकांनी, असं अस्सल काही आता बघायला मिळत नाही, असा निर्वाळा देऊन गाड्यांकडे धाव घेतली.

रविवारी दुपारी एक वाजता लहान मंच रिकामा होता, म्हणून मफलर्स तिथे गेले. वेंडलने एका हाताच्या ड्रमरसाठी रात्रीतून एक नवं गाणं केलं होतं. ऑरिन डाव्या हाताने वाजवू लागला, मायलो चक्क हसला, आणि एकतीस वर्षांत जमलं नव्हतं असं काहीतरी त्या दुपारी जमलं. डार्लीनबाई नोटीस घेऊन आल्या होत्या. पुन्हा एकत्र असल्यामुळे आपण यापुढे अपात्र आहात, अशी. ती हातातच धरून त्या गाणं संपेपर्यंत उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, “आणखी एकदा म्हणता?”

त्या दुपारी तिथे बाईंसकट सात माणसं होती. मायलोने मोजली होती. त्या सातांत आपण होतो, असं शपथेवर सांगणारी आजवर चारशे माणसं लून पॉइंटमध्ये निघाली आहेत. तुम्हीही होतातच म्हणा. शौचालयाच्या रांगेत असाल, म्हणून दिसला नाहीत.