बंद गाडीतले सांडगे

"येवढं ऊन वाया चाललंय रं सिरपा," कमलिनीबाई खिडकीच्या काचेला नाक लावून म्हणाल्या, "बघवत नाही मला."

आखातातल्या अबू हमूरच्या त्या फ्लॅटबाहेर जुलैचं ऊन भिंतींवरून तुपासारखं ओघळत होतं. सिन्नरला असं ऊन मिळालं असतं, तर बाईंनी गच्चीचा कोपरा न् कोपरा वाळवणानं भरून टाकला असता. इथे मात्र ते काचेपलीकडच्या मिठाईसारखं नुसतं बघायचं. कारण त्यांचा मुलगा श्रीपती एका बांधकाम कंपनीत सेफ्टी ऑफिसर होता. उन्हापासून माणसं वाचवणं ही त्याची नोकरी, आणि आई आल्यापासून तो घरीही ओव्हरटाइम करत होता.

"आई, गॅलरीत पाऊल टाकायचं नाही. पाणी पीत राहायचं. डोक्यावर ओला रुमाल."

"एशीत ओला रुमाल? सर्दीनं मारतो का काय मला?"

शुक्रवारी बाईंचं परतीचं विमान होतं. तेवढ्यात मुगाचे सांडगे घालायचे, हे त्यांनी निघतानाच मनाशी धरलं होतं. हाच श्रीपती लहानपणी ताटात सांडग्याची भाजी नसली की जेवायला बसायचा नाही. "वरीसभराचे सांडगे डब्यात भरल्याबिगर मी इमानात बसायची नाही," त्यांनी जाहीर केलं.

"इथे विकत मिळतात, आई."

बाई खिडकीपासून गर्रकन वळल्या. श्रीपतीनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं चहाचा कप तोंडाला लावला.

त्या संध्याकाळी तो इंग्रजी भाषणाची तालीम आईसमोर मराठीतून करायला बसला. दुसऱ्या दिवशी लुसैलच्या ऑफिसात उन्हाळ्यातल्या सुरक्षेवर त्याचं व्याख्यान होतं. गेल्या वर्षी अर्धा हॉल झोपला होता आणि डायरेक्टर नबीला मॅडमनी शेवटी एकच शब्द उच्चारला होता, "खलास?" संपलं का? तो शब्द श्रीपतीच्या मनात वर्षभर कुसळासारखा रुतून बसला होता.

"उन्हात उभी असलेली बंद गाडी म्हणजे भट्टी!" त्यानं हात उंचावला. "तिच्यात मूल, म्हातारं माणूस, मुकं जनावर, क्षणभरही ठेवू नका!"

कमलिनीबाई लसूण सोलता सोलता थांबल्या. "लई तापती का रं गाडी?"

"भट्टी, आई!"

"आन् काचा बोटभर खाली ठेवल्या तर?"

"तरी भट्टीच!"

बाईंचा चेहरा उजळला. भाषण यंदा जमलंय, असं श्रीपतीला वाटलं.

पहाटे, ऊन वर यायच्या आत, बाईंनी खुंटीवरची किल्ली घेतली. मुलाचा एकही नियम मोडायचा नव्हता. वाटलेल्या डाळीची परात घेऊन त्या खाली गेल्या आणि सांडगे तोडता तोडता गुणगुणू लागल्या,

"परदेसीचं गं ऊन, जशी सोन्याची परात..."

ओवीची दुसरी ओळ काही जुळेना. ती त्यांनी सांडग्यांसारखीच ठेवून दिली, होईल सावकाश.

दहाच्या सुमाराला नबीला मॅडमचा फोन आला. उन्हानं त्यांच्या गाडीची बॅटरी गेली होती, जवळच्याच मॉलच्या दारात त्या उभ्या होत्या. "मुझे पिक करो, श्रीपती. यल्ला, जल्दी!"

श्रीपती धावला. पाण्याची बाटली टेबलावरच राहिली.

गाडीचं दार उघडलं तशी हिंगा-लसणाची गरम वाफ तोंडावर आली. काचेला लावायचा चंदेरी पडदा घडी करून सीटखाली ठेवलेला. डॅशबोर्डवर प्लास्टिक, त्यावर सांडग्यांच्या रांगा. मागच्या सीटवर तेच, पायाशी रिकामी परात. गिअरजवळच्या कप ठेवायच्या खळग्यातसुद्धा चार सांडगे.

"हात लावू नको!" मागून आवाज आला. डोक्यावर ओला रुमाल, त्यावर छत्री धरून कमलिनीबाई उभ्या. "ओलं हाये आजून. उचललंस तर काला होईल."

"आई, मॅडम बसणार आहेत गाडीत!"

"बसू दे की. मागचं प्लास्टिक मी घेते मांडीवर. पुढचं त्या बघतील."

मॉलच्या दारात मॅडम गाडीत शिरल्या, त्यांनी दोनदा नाकानं हवा ओढली आणि डॅशबोर्डकडे पाहिलं. "श्रीपती, ये क्या है?"

श्रीपतीनं तोंड उघडेपर्यंत मागून उत्तर आलं. "सांडगे! मूंग का. वाळने को रखा है. ये मेरे को उन में जाने नहीं देता, तो मैं क्या करेगी?"

"कौन नहीं जाने देता?"

"ये! मेरा लडका! महिनाभर कोंडके रखा है."

मॅडमनी श्रीपतीकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू कंपनीतला पहिला अपघात त्याच्याच घरी झाला होता. तेवढ्यात गतिरोधक आला. सांडग्यांची अख्खी रांग घसरली. मॅडमनी अबायाच्या दोन्ही बाह्या पसरून ती झेलली, आणि जिच्या एका शब्दाला अख्खं ऑफिस घाबरायचं ती बाई ओरडली, "आराम से, श्रीपती! टूट जाएगा!"

"शाणी हाये रं तुझी मॅडम," मागून शेरा आला. "आन् ती एशी बारीक कर. सांडगे गारठतील."

लुसैलच्या टॉवरखाली गाडी तळघराकडे वळली, तशा बाई कासावीस झाल्या. "तळघरात? अंधारात? बुरशी धरंल की!"

मॅडमनी बाहीला चिकटलेला एक ओला सांडगा सोडवून रांगेत परत ठेवला आणि गेटवरच्या गार्डला सांगितलं, "गाडी बाहेर लागेल. उन्हात." सावलीच्या जागेसाठी रोज भांडणं सोडवणाऱ्या गार्डनं तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. कुणालातरी ऊन लागलंय हे त्याला कळलं, कुणाला ते कळेना.

बाई खालच्या काचेच्या लॉबीत, किल्ली मुठीत धरून, गाडीवर डोळा ठेवून बसल्या.

व्याख्यान जेवणानंतर होतं. पहिली रांग शिरस्त्याप्रमाणे पेंगली. "तहान लागायची वाट पाहू नका," श्रीपती सांगत होता, "ओठ सुकले, डोकं जड झालं, की समजा उशीर..." आणि त्याचा आवाजच फुटेना. हॉल हळूच तिरका झाला. त्यानं टेबल धरलं.

दार उघडलं. "सिरपा, वाळले रं!" कमलिनीबाई परात घेऊन आत आल्या, मागे छत्री मिटत गार्ड. त्यांनी आनंदानं परात हलवली. सांडगे गारगोट्यांसारखे खडखडले. पहिली रांग दचकून जागी झाली.

मग बाईंचं मुलाच्या तोंडाकडे लक्ष गेलं. परात त्यांनी मॅडमच्या हातात दिली आणि थेट स्टेज गाठलं.

"तोंड का सुकलंय? सकाळधरनं पाणी प्यायलास का?"

हॉलमध्ये केरळी होते, नेपाळी होते, फिलिपिनो होते, इजिप्तचे होते. मराठी कुणालाच येत नव्हतं, पण कळलं सगळ्यांना. सेफ्टी ऑफिसरनं शाळकरी पोरासारखी नकारार्थी मान हलवली. बाईंनी त्याला खुर्चीत बसवलं, स्वतःच्या डोक्यावरचा ओला रुमाल त्याच्या डोक्यावर टाकला आणि कुणीतरी पुढे केलेली बाटली तोंडाला लावली. "घोट घोट. गटागटा नको."

नबीला मॅडमनी एक सांडगा उचलून दाखवत सगळ्यांना इंग्रजीत सांगितलं. "सकाळी हा ओला होता, माझ्या बाहीला चिकटला होता. बंद गाडीत याचा दगड झाला." मग खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि हा एसीत उभा राहून वाळला."

कुणी हसलं, पण लगेच बाटल्यांची झाकणं उघडल्याचा आवाज आला. सगळा हॉल पाणी पीत होता.

"खलास?" श्रीपतीनं रुमालाखालून क्षीणपणे विचारलं.

"खलास," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या तोंडात सांडगा होता, कच्चाच.

शुक्रवारी मुलाचा डबा भरून ठेवून बाई विमानात बसल्या. पुढच्या आठवड्यात मॅडमनी श्रीपतीच्या टेबलावर लिंबांची पिशवी ठेवली. त्यांची आई गच्चीवर लिंबं काळीठिक्कर होईपर्यंत वाळवायची, भातात टाकायला. आता ना आई होती ना गच्ची. "तुम्हारी गाडी," त्यांनी दुसरीकडे बघत विचारलं, "धूप में खडी होती है ना?"

दुपारी श्रीपतीनं सिन्नरला फोन लावला. "आई, गाडीत लिंबं वाळत घातलीत. मॅडमची."

"काचा बोटभर खाली ठेव. आन् पाणी प्यायलास का?"

समोरची बाटली काठोकाठ भरलेली होती. "प्यायलो की," तो म्हणाला, आणि आवाज न करता झाकण फिरवू लागला.

"झाकण वाजल्यालं ऐकू आलं मला," पलीकडून बाई म्हणाल्या. तो पीत होता तोवर त्या थांबल्या. मग अडलेली ओळ आपोआप जुळून आल्यासारख्या गुणगुणल्या,

"परदेसीचं गं ऊन, जशी सोन्याची परात,
जगा पाजतो गं पाणी, लेक तहानला घरात."