केसतेलाला सडेतोड उत्तर

सासऱ्यांचा जुना रेडिओ मी फक्त पुसायला घेतला होता. (पुसण्यासाठी तो उघडावा लागतो असं मला वाटलं. बायकोला वाटलं नव्हतं.) परत जोडल्यावर एक स्क्रू उरला आणि रेडिओची वाचा बसली. रविवारी सासरे तो न्यायला येणार होते. भरवशाच्या म्हणाव्यात अशा त्यांच्याकडे दोनच गोष्टी, मुलगी आणि हा रेडिओ. दोन्ही माझ्या हाती देऊन बसले बिचारे.

आता आधार एकच होता, जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्या हौशी मंडळींचा आमचा ईमेल-गट. एकाने मेल टाकली की ती सगळ्यांना जाते. मी अडचण लिहायला बसलो, तोच गटावर जाहिरात टपकली : 'टकलावर दाट केस! महिन्याभरात!'

माझं डोकं फिरलं. (त्यावर केस नाहीत, हा निव्वळ योगायोग.)

"अहो, डिलीट करा नि विषय सोडा," बायको म्हणाली.

"तत्त्वाचा प्रश्न आहे!"

मी सडेतोड उत्तर ठोकलं, तेही सगळ्या गटाला. खाली पुराव्यादाखल अख्खी जाहिरात, फोन नंबरासकट. शेवटी, आता लिहितोच आहोत तर, म्हणून रेडिओचं रडगाणं.

मूळ जाहिरात बहुतेकांच्या मेलबॉक्सने परस्पर कचऱ्यात टाकली होती, हे मागाहून कळलं. माझी मात्र थेट आत गेली. जुना सभासद ना मी! मग "मला तेल नको", "मलाही नको", "'मलाही नको' असं सगळ्यांना कळवू नका" असं सगळे सगळ्यांना कळवत सुटले. शेवटी गटप्रमुखांनी कडक कारवाई केली. जाहिरातबाजीबद्दल मला हाकललं. तेलवाला गटात सुखरूप राहिला.

रेडिओबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. फक्त एकाने काढला.

"साहेब, आमची जाहिरात घरोघरी पोचवलीत, फार उपकार झाले. तेलाआधी मी रेडिओच दुरुस्त करायचो. येऊन जाऊ का?"

तत्त्वाची घडी घालून मी पत्ता कळवला.

रविवारी सासरे दारात आणि रेडिओ गायला लागला, एकाच वेळी! सासरे बेहद्द खूश. तेलवाल्याने मजुरी घेतली नाही. "फक्त तुम्हा दोघांचा एकेक फोटो द्या, आठवण म्हणून."

देवमाणूस!

त्याच आठवड्यात नवी जाहिरात माझ्या मेलवर आली. 'वापरण्यापूर्वी' म्हणून मी होतो. 'वापरल्यानंतर' म्हणून सत्तरीतही दाट केसांचे आमचे सासरे.

बायकोने ती निरखून पाहिली आणि म्हणाली, "बाबा किती छान आलेत हो!"